अकोल्याचा आवाज

सरांना कोणी काही समजावून सांगायला लागलं की ते उजव्या हाताचा पंजा समोर धरायचे, चौकातल्या वाहतूक पोलिसासारखा. "समजावू नको. वाच. काय लिहून आहे ते वाच. समजायचं माहं मी पाहून घेतो."

मी नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी हा पंजा मला दिसला. अमरावतीत राजापेठेच्या मागच्या अंगाला एका संस्थेची अंध मुलांची निवासी शाळा होती. तिथे मला संगणक ऑपरेटर म्हणून घेतलं होतं. सर तिथले संगणक शिक्षक. लहानपणी तापात डोळे गेलेले, उजेड-अंधारसुद्धा कळत नसे. काळा चष्मा त्यांनी कधी वापरला नाही. "मले उनाचं काय करायचं आहे?" म्हणायचे.

खरं म्हणजे कागदोपत्री ते संगणक शिक्षक नव्हतेच. त्यांची नेमणूक वेतकामाचा शिक्षक म्हणून झाली होती, मुलांना खुर्च्या विणायला शिकवणारा. मधे कुणी दात्याने शाळेला नऊ संगणक दिले आणि ते चालवायचे कसे हे कुणालाच माहीत नसल्यामुळे वर्षभर प्लास्टिक गुंडाळून तसेच पडून राहिले. एका उन्हाळ्याच्या सुटीत सरांनी ते एकेक करून उघडले, चाचपले, जोडले आणि शिकून घेतले. ती खोली पुढे त्यांचीच झाली. हुद्दा मात्र शेवटपर्यंत वेतकामाचाच राहिला, आणि सर त्याबद्दल कधी कुणाकडे बोलले नाहीत.

माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "ऑपरेटर" म्हणायचे. शिपायाला "शिपाई साहेब", स्वयंपाकीण बाईंना "भोजन साहेब", आणि मला नुसतं "ऑपरेटर". मला आधी राग यायचा. मग सवय झाली. मग तर आई घरी नावाने हाक मारायची तेव्हा पटकन ओ द्यायला उशीर व्हायला लागला.

नऊ संगणकांना त्यांनी आगगाडीच्या स्टेशनांची नावं दिली होती. दारापासून सुरुवात : अमरावती, बडनेरा, टाकळी, कुरूम, माना, मूर्तिजापूर, काटेपूर्णा, बोरगाव आणि खिडकीजवळचा शेवटचा अकोला. सर मूळचे अकोल्याचे, जुन्या शहरातले. दर शनिवारी पॅसेंजरने भावाकडे जायचे आणि रविवारी रात्री परत. संगणक आतल्या पंख्याच्या आवाजावरून ओळखायचे. खोलीत पाय टाकल्या टाकल्या म्हणायचे, "मूर्तिजापूर खोकून राहिलं आज. उघड त्याले, धूळ झाली असंल." उघडलं की धूळ असायचीच. अकोला हा त्यांचा स्वतःचा संगणक. त्याला दुसरं कुणी हात लावत नसे.

गुरुवार हा त्या खोलीतला मोठा दिवस. शाळेला पैसे नव्हते म्हणून सगळे संगणक एका फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालायचे. तिच्यात दर आठवड्याला काही ना काही दुरुस्त्या यायच्या, आणि त्या आणायला एक जुनं साधन होतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, बस. एक ओळ लिहायची. मग ते साधन एकेक ओळ लिहून सांगायचं की मी हे हे आणणार आहे, हे हे काढणार आहे, आणि शेवटी विचारायचं, करू का? हो किंवा नाही. संगणकातलं बोलणारं सॉफ्टवेअर ती प्रत्येक ओळ सरांच्या कानात म्हणायचं, इतक्या भरभर की मला नुसती माशी गुणगुणल्यासारखी वाटायची. सर मान तिरपी करून ऐकत बसायचे. "हा माणूस सभ्य आहे, ऑपरेटर," ते त्या साधनाबद्दल म्हणायचे. "घरात पाय टाकायच्या आधी इचारते."

पण जे पडद्यावर चित्रासारखं यायचं, म्हणजे स्कॅन केलेलं पत्र, एखादी चौकट, ते त्या सॉफ्टवेअरला वाचता येत नसे. तिथे मी. स्वल्पविरामासकट वाचावं लागे. एकदा मी एक लांबलचक इशारा वाचता वाचता "वगैरे वगैरे" म्हणून टाकलं. सर म्हणाले, "त्यात 'वगैरे' लिहून आहे का?" नाही म्हटलं. "मंग पहिल्यापासून वाच."

अकोल्यावर एक खास गोष्ट होती. त्या संगणकातला मराठी आवाज मूळचा फार वाईट होता. 'चमचा' म्हणताना चहातला च लावायचा, परतवाड्याला परतावाडा म्हणायचा, आणि मुलांची नावं तर अशी घ्यायचा की मुलं खिदळायची. सरांनी त्याला सुधारायचं मनावर घेतलं होतं. रोज पाच शब्द. शब्द लिहायचा, तो कसा म्हणायचा ते शेजारी त्या आवाजाला कळेल अशा खुणांनी लिहायचं, ऐकायचं, परत बदलायचं. एका 'ज्वारी'साठी त्यांनी अख्खी दुपार घालवलेली मी पाहिली आहे. अशी वर्षांमागून वर्षं गेली. मी लागले तोवर तो आवाज जवळपास माणसासारखा बोलायला लागला होता, आणि तोही आमच्याकडच्या माणसासारखा. "मले", "तुले", "काहून" हे शब्द तो असे म्हणायचा की वाटावं हा चांदूर बाजारला वाढलाय. सर त्याच्याशी बोलायचे नाहीत, तसले चाळे त्यांना आवडत नसत. पण दुपारी जेवण झालं की हेडफोन लावून पंधरा मिनिटं त्याच्याकडून वर्तमानपत्र वाचून घ्यायचे, आणि तेवढा वेळ त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण पार गेलेला असायचा.

मग एका गुरुवारी त्या जुन्या साधनाने शेवटी एक जादा ओळ लिहिली. सर थबकले. मला म्हणाले, "ऑपरेटर, पाह्य बरं. मी ऐकलं तेच लिहून आहे का?"

मी वाचलं. प्रणालीच्या पुढच्या आवृत्तीपासून हे साधन बंद होईल. त्याऐवजी नवीन साधन वापरावे. जुन्या साधनाचा साठा ठरावीक मुदतीनंतर काढून टाकला जाईल.

"रिटायर करून राहिले त्याले," सर म्हणाले. थोडं हसले. "माह्या आधीच."

नवीन साधन आम्ही बडनेऱ्यावर लावून पाहिलं. दिसायला फार छान होतं. मोठी रंगीत चित्रं, गोल फिरणारं चक्र, गुळगुळीत बटनं. सरांनी हेडफोन लावला आणि एकेक कळ दाबत पुढे सरकायला लागले. मग हेडफोन काढून आवाज खोलीत सोडला, मलाही ऐकू यावा म्हणून. बोलणारं सॉफ्टवेअर म्हणत होतं, "बटन. बटन. बटन. बटन."

"कोन्तं बटन बाप्पा?" सर म्हणाले.

त्या बटनांवर चित्रं होती, नावं नव्हती. करणाऱ्यांनी नावं लिहिलीच नव्हती. कोणतं हो आणि कोणतं नाही हे फक्त पाहणाऱ्याला कळत होतं. सर पुन्हा पुन्हा तीच कळ दाबत राहिले, आणि खोलीभर "बटन, बटन" होत राहिलं. शेवटी मीच बंद केलं.

त्यांनी ते साधन बनवणाऱ्यांना इंग्रजीतून पत्र लिहिलं. मी टाइप केलं. चार दिवस शब्द बदलत होते. आपण नाराज आहोत असं त्यात कुठेही दिसू नये याची त्यांना फार काळजी होती. 'बटनांना नावं द्यावीत, आमच्या शाळेतली मुलं ती वाचू शकत नाहीत', एवढंच. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आभार मानले होते, आणि खाली तक्रारीची स्थिती लिहिली होती : बंद.

"बंद म्हनजे झालं का काम?" सरांनी विचारलं.

"नाही सर. काम नाही झालं. तक्रार बंद केली."

सरांनी पंजा वर केला नाही, तरी मी गप्प झाले.

त्यानंतर सरांनी सात-आठ महिने टाळाटाळ केली. जुनी आवृत्ती तशीच ठेवली. पण मग परीक्षेचे अर्ज भरायची वेबसाइट उघडेना, पडद्यावर धोक्याच्या सूचना यायला लागल्या, आणि संस्थेचे सचिव एक दिवस खोलीत येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "सर, तुमच्या एकट्यापायी मुलांचं वर्ष अडकेल. या आठवड्यात करून टाका."

"करतो साहेब," सर म्हणाले. "ऑपरेटर वाचून दाखवल."

तो गुरुवार मला मिनिटामिनिटाने आठवतो, आणि आठवू नये असं वाटतं. सकाळी दहाला आम्ही अमरावतीपासून सुरुवात केली. प्रत्येक संगणकावर नवीन साधन एक यादी दाखवायचं : बदल करताना या या जुन्या गोष्टी काढल्या जातील. चाळीस-पन्नास इंग्रजी नावं, आकडे, ठिपके, आडव्या रेघा. मी एकेक मोठ्याने वाचायची, सर प्रत्येकाला हुंकार द्यायचे, मग म्हणायचे, "दाब." अमरावती झालं, बडनेरा झालं. दुपारी मूर्तिजापूरपर्यंत आलो. याद्या सगळ्या सारख्याच होत्या. सातव्या-आठव्या वेळी तेच वाचताना माझा घसा बसला, आवाज चिरका यायला लागला.

चार वाजले होते. माझी मैत्रीण राजापेठेत चपलांच्या दुकानासमोर थांबली होती, तिचे दोन फोन येऊन गेले होते. चपला. दुसरं काही नाही. घरात कुणी आजारी नव्हतं, बस चुकणार नव्हती. एवढंच कारण होतं, ते मी बदलून सांगत नाही.

शेवटचा अकोला राहिला. सर म्हणाले, "घसा बसला तुहा. हे मनातल्या मनात वाच. मागच्या यादीपेक्षा वेगळं काही दिसलं त थांबजो. मी पानी आनतो तुह्यासाठी." आणि भिंतीला हात लावत माठाकडे गेले.

यादी आली. मी वरची दोन-तीन नावं पाहिली, तीच होती. माउसचं चाक फिरवून खाली आले आणि हिरवं बटन दाबलं.

सर पेला घेऊन आले, एक थेंब न सांडता. "झालं वाचून?"

"हो सर. सगळं तेच होतं."

"दाबलं?"

"दाबलं."

"पी मंग पानी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा सर अकोल्यासमोर बसलेले होते. त्यांनी हेडफोन लावला, ऐकलं, काढला, रुमालाने पुसला, परत लावला. मग माझ्याकडे तोंड करून अगदी हळू म्हणाले, "हा कोन बोलून राहिला?"

नवीन आवाज होता. स्वच्छ, भरभर, दिल्लीकडच्या बातम्यांतल्या निवेदकासारखा. परतवाड्याला परतावाडा म्हणणारा. जुना मराठी आवाज फक्त अकोल्यावर होता, तो जुन्या साधनातून आणलेला होता, आणि काढायच्या गोष्टींच्या यादीत त्याचं नाव होतं. अगदी खाली, शेवटून तिसरं; ते मी मागाहून संगणकातल्या नोंदीत पाहिलं. सरांनी ते ऐकलं असतं तर तिथेच थांबवलं असतं, आणि अकोला तसाच जुना ठेवला असता. एक संगणक जुना राहिल्याने कुणाचं काही अडलं नसतं.

"ऑपरेटर," सर म्हणाले, "त्या यादीत आवाजाचं नाव होतं का?"

"नव्हतं सर," मी म्हणाले.

सरांनी मान हलवली.

त्यांनी सुधारलेल्या शब्दांची यादी पेनड्राइव्हवर होती. सर तेवढे काळजीवाले होतेच. पण ती यादी त्या आवाजालाच कळायची. नव्याला त्या खुणा समजत नव्हत्या. आणि जुना आवाज परत आणायचा तर जुन्या साधनाचा इंटरनेटवरचा साठा उघडा हवा होता. आम्ही त्याचा पत्ता टाकून पाहिला. सापडत नाही, असं आलं. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि पुढच्या पंधरवड्यात सरांनी रोज पाहिलं तरी तेच. मग एका दिवशी पाहिलं नाही.

नवीन आवाजाला सुधारायला त्यांनी सुरुवात केली होती. रोज पाच शब्द. आठवडाभर केलं असेल. मग जेवणानंतरचं वर्तमानपत्रही बंद झालं. शिपाई साहेबांनी विचारलं तर म्हणाले, "बातम्या काही खास नसतात हल्ली."

मुलांना मात्र काही वाटलं नाही. त्यांच्या संगणकांवरही आता हाच नवीन आवाज आला होता, आणि दोन दिवसांत तो सवयीचा झाला. उलट हा जास्त भरभर बोलतो म्हणून खूष होती. सर ते ऐकायचे आणि म्हणायचे, "चांगलं आहे." मनापासून म्हणायचे. त्यांच्या बोलण्यात कुठेही टोमणा नसायचा, म्हणूनच ते मला ऐकवत नसे. संगणकांना ते एक नंबर, दोन नंबर म्हणायला लागले. नवीन साधनात बटनांना नावं कधीच आली नाहीत, त्यामुळे दर गुरुवारी मी वाचायची आणि मीच दाबायची. त्या दिवसानंतर मी एकही अक्षर गाळलं नाही. घसा बसला तर गरम पाणी प्यायची आणि पुढे वाचायची. सर हुंकार द्यायचे. मला दर वेळी वाटायचं, आज विचारतील. कधी विचारलं नाही.

सव्वा वर्षाने ते निवृत्त झाले. शाल, नारळ, सचिवांचं भाषण. आदेशावर 'वेतकाम शिक्षक' असंच होतं, आणि संस्थेने आठवण म्हणून मुलांनी विणलेली खुर्ची दिली. दोन शब्द बोला म्हटल्यावर सर उभे राहिले, "पोरायनो, अभ्यास करा," एवढंच म्हणून खाली बसले. शनिवारच्या पॅसेंजरने गेले. खुर्ची मागून टेम्पोने पाठवली.

सर गेल्यावर चारच महिन्यांत मला वरूडच्या एका सरकारी कार्यालयात पक्की नोकरी लागली. आई देवळात पेढे वाटून आली. मी शाळा सोडली. सोडताना वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. त्या खिडकीजवळ आता जावं लागणार नव्हतं.

पण सुटले नाही. वरूडला संत्र्याच्या ट्रकांच्या गर्दीतून घरी येताना, फाईलवर सही घेताना, कधीही एकदम ते "नव्हतं सर" कानात यायचं. दोनदा मी अकोल्याला गेले आणि मोर्णा नदीच्या पुलावरून परत फिरले. तिसऱ्यांदा, गेल्या दिवाळीनंतर, जुन्या शहरात विचारत विचारत त्यांच्या घरी पोचले. भाऊ वारले होते. वहिनी आणि सर, दोघंच. वहिनींनी मला माडीवर नेलं. सर पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. फार वाळले होते. रेडिओ नाही, फोन नाही, जवळ काहीच नव्हतं.

"ऑपरेटर," मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले. पायऱ्यांवरच्या पावलांवरून ओळखलं असावं.

वहिनी चहा ठेवून खाली गेल्या. मी पाठ करून आलेलं सगळं विसरले. म्हणाले, "सर, अकोल्याची यादी मी वाचली नव्हती. त्या दिवशी. आणि नाव होतं त्याच्यात."

"मले मालूम आहे," सर म्हणाले.

मी होते तिथेच खाली बसले.

"दुसऱ्याच दिवशी दुपारी समजलं. संगनक सगळं लिहून ठेवते, तुले मालूमच आहे. यादी दाखवली किती वाजता, होकार भेटला किती वाजता. नव्या आवाजानंच वाचून दाखवलं मले. चार सेकंद. चव्वेचाळीस नावं होती."

"मग बोलले काहून नाही सर?" मी रडायला लागले होते. "मी खोटंही बोलली तुमच्याशी."

"बोललो असतो त तू शरमेनं गेली असती सोडून. मंग पोरायले कोन वाचून दाखवलं असतं? दुसरा कोनी आला असता, समजावून सांगनारा." त्यांचा चेहरा जरा उजळला. "आनं त्या दिवसानंतर तू अशी वाचायले लागली, ऑपरेटर. मी ऐकून होतो ना. एक ठिपका सोडला नाही. मी म्हटलं, जाऊ दे. आवाज गेला त गेला, पोरायले पक्की वाचनारी भेटली. बोललो नाही तेच बरं झालं."

मी पदराने तोंड पुसलं. सर पुढे वाकले.

"मंग? आताही गुरुवारीच करता ना? बटनायले नावं आली का?"

त्यांना माहीत नव्हतं. शाळेतून कुणी कळवलंच नव्हतं. हो म्हणणं फार सोपं होतं. त्यांना कधी कळलंही नसतं. तो वाळका चेहरा माझ्याकडे लागला होता, आणि मी पुन्हा एकदा तोंड उघडून हो म्हणणारच होते.

"सर, मी शाळा सोडली," मी म्हणाले. "तुमच्यानंतर चार महिन्यांनी. वरूडला असते मी."

ते तसेच वाकून होते.

"आता कोन वाचते?"

"कोणी नाही. एजन्सीला दिलं काम. अपडेट आपोआप होते आता."

"आपोआप." त्यांनी तो शब्द तपासून पाहिल्यासारखा म्हटला. "काय काढून राहिलो ते सांगत नाही?"

"नाही सर."

"इचारत नाही?"

"नाही."

सर मागे सरकले आणि परत भिंतीला टेकले. सरांनी चाचपून कप घेतला, थंड चहा एका घोटात पिऊन टाकला आणि कप बरोबर बशीत ठेवला.

"बस भेटल तुले आता," ते म्हणाले.

मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. जिन्याच्या तोंडाशी थांबून मी म्हणाले, "येते सर."

आमच्याकडे कुणी असं म्हटलं की घरातून "येजो" म्हणतात. परक्यालासुद्धा म्हणतात. मी तीन पायऱ्या उतरले, चौथीवर थांबले. वरून काही आलं नाही.